बेक्जेच्या विटेवरचा डोंगर हानबोकवर कसा उतरवायचा: जुन्या वस्तूवरून भरतकामाचं डिझाइन, पहिल्या स्केचपासून शेवटच्या इस्त्रीपर्यंत

मी पहिल्यांदा जोगोरीच्या, म्हणजे हानबोक या कोरियन पारंपरिक पोशाखातल्या वरच्या जॅकेटच्या, बंदावर कमळ भरलं तेव्हा त्याच्यावर तीन आठवडे घातले होते, रोज रात्री लेक झोपली की दीड-दोन तास, आणि शेवटी सगळं शिवून झालं, अंगात घातलं, बंद बांधला, आरशासमोर उभी राहिले आणि कमळ गायब. म्हणजे होतं, पण आत वळलेलं. हानबोकच्या गाठीला एकच फास असतो, बांधताना पट्टी फिरते, आणि मी ज्या बाजूला भरलं होतं ती बरोब्बर छातीकडे गेली होती. समोर नुसती कोरी गुलाबी पट्टी. आमच्या भरतकामाच्या क्लासच्या बाई काही बोलल्या नाहीत, कागदाची एक लांब पट्टी कापून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, आता ही बांधून बघ.

तर हा लेख त्या कागदाच्या पट्टीबद्दल आहे असं समजा. टाके शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण म्युझियममधली एक दीड हजार वर्षं जुनी वस्तू बघून तिचं कपड्यावरचं डिझाइन कसं करायचं हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणी सांगत नाही, आणि माझी सगळी माती त्याच भागात झाली. मी देजॉनला राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे आलो, इथून गोंगजू आणि बुयो दोन्ही बसने जवळ, म्हणून माझी उदाहरणं सगळी बेक्जे या तिथल्या जुन्या राज्याची आहेत. पद्धत मात्र तुम्ही ग्योंगजूच्या शिल्ला राज्याला किंवा गिम्हेच्या गाया राज्याला पण लावू शकता.

आधी थोडं बेक्जे

बेक्जे म्हणजे कोरियाच्या जुन्या तीन राज्यांपैकी नैऋत्येकडचं. राजधानी आजच्या सोलजवळ होती, ४७५ साली ती गोंगजूला हलली आणि ५३८ साली बुयोला, ६६० साली राज्य संपलं. बेक्जेच्या राजवाड्याबद्दल एका जुन्या इतिहासग्रंथात एक वाक्य आहे जे इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतं, साधा पण दळभद्री नाही, देखणा पण भपकेबाज नाही. मला आधी ते टुरिझमवाल्यांचं वाक्य वाटायचं. पण बुयोच्या म्युझियममध्ये कौलं बघत फिरलं की पटतं, सगळं गोलसर, मऊ, आणि बरीचशी जागा मोकळी सोडलेली. तुमच्या डिझाइनमध्ये ही मोकळी जागा आली नाही तर कमळ कितीही हुबेहूब काढा, ते बेक्जेचं दिसत नाही, ते नुसतं कमळ दिसतं.

आणि एक गोष्ट आत्ताच स्पष्ट करून टाकते. आखूड जोगोरी आणि छातीपासून निघणारी घेरदार छिमा (स्कर्ट), म्हणजे आपण सिरियलमध्ये बघतो तो हानबोक, हा कट जोसॉन, म्हणजे बेक्जेच्या कितीतरी नंतरच्या राजवटीच्या काळातला आहे आणि तोही त्याच्या उत्तरार्धातला. बेक्जेच्या काळात जोगोरी कंबरेच्या खालपर्यंत यायची आणि वर पट्टा बांधायचे. त्यामुळे आपण जे करतोय ते "अस्सल बेक्जे ड्रेस" नाही, एका काळाच्या कपड्यावर त्याच्या हजारेक वर्षं आधीच्या वस्तूची नक्षी आहे. काही हरकत नाही, पण विकताना किंवा फोटो टाकताना तसंच लिहा, नाहीतर कोणीतरी आजोबा येऊन तुमची शाळा घेतील, आणि बरोबर असतील.

वस्तू निवडणं

पहिल्या वेळेला सगळे एकच चूक करतात, सगळ्यात प्रसिद्ध वस्तू उचलतात. बुयोची ती सोन्याचा मुलामा दिलेली ब्रॉंझची धूपदाणी, १९९३ च्या डिसेंबरमध्ये नुंगसान-रीला चिखलातून निघाली, ६१.८ सेंटीमीटर उंच, खाली ड्रॅगन, मध्ये कमळ, वर डोंगरावर डोंगर, पाच वादक, टोकाला फिनिक्स. वस्तू अप्रतिम आहे आणि भरतकामाला अत्यंत वाईट आहे. कारण तिची सगळी मजा खोलीत आहे, एक डोंगर दुसऱ्याच्या मागून डोकावतो त्यात, आणि सपाट कापडावर आणलं की नुसता गुंता होतो. मी केलंय, दोन महिन्यांनी उसवलंय.

भरायला सोपी वस्तू कोणती? जी आधीच सपाट आहे. म्हणजे उठावाची वीट, कौल, पत्र्यातून कापलेला दागिना. बेक्जेत या तिन्ही गोष्टी मिळतात:

कौलांच्या टोकाच्या चकत्यांवरचं कमळ. आठ पाकळ्या, प्रत्येक पाकळीचं टोक किंचित वर उचललेलं. नवशिक्यांनी इथूनच सुरू करावं.

बुयोजवळच्या वे-रीच्या नक्षीच्या विटा. १९३७ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना सापडल्या, साधारण २९ सेंटीमीटर चौरस आणि ४ सेंटीमीटर जाड, आठ प्रकारच्या: डोंगर, डोंगर-फिनिक्स, कमळ, ढग, फिनिक्स, ड्रॅगन आणि राक्षसाचे दोन. माझ्या मते डिझाइनरसाठी कोरियात याच्याइतकं तयार सामान दुसरं नाही.

गोंगजूच्या राजा मुर्योंगच्या कबरीतले सोन्याचे शिरोभूषण. हे पुढच्या पायरीवरच्यांसाठी, त्याबद्दल सोन्याच्या दोऱ्याच्या भागात बोलू.

ड्रॅगन आणि फिनिक्सबद्दल एक सूचना. जोसॉन दरबारात ड्रॅगन राजा-राणीचा, फिनिक्स राजघराण्यातल्या बायकांचा, असे नियम होते. आज कोणी अडवत नाही, पण साध्या समारंभाच्या जोगोरीवर छातीभर ड्रॅगन भरला तर इथल्या बायका गालात हसतात, म्हणजे आपल्याकडे साध्या हळदीकुंकवाला कोणी मुकुट घालून आलं तर जसं होईल तसं. ढग, डोंगर, कमळ हे सगळ्यांना चालतं.

म्युझियममध्ये काय करायचं

फोनने फोटो काढा पण फ्लॅश नाही, आणि सोमवार टाळा, म्युझियम बंद असतं. फोटो काढणं हे मात्र दुय्यम काम. मुख्य काम म्हणजे काचेसमोर वीस मिनिटं उभं राहून पेन्सिलीने तीन प्रश्नांची उत्तरं काढायची. पहिला, नजर कुठून कुठे जाते? डोंगराच्या विटेत ती खालच्या पाण्यापासून सुरू होते, मधल्या तीन-तीन शिखरांच्या गोल डोंगरांवरून वर ढगात जाते. उजव्या कोपऱ्यात खाली एक भिक्खू चाललाय, तो लगेच दिसत नाही, शोधावा लागतो. दुसरा, रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक? तिसरा, काय काढून टाकलं तरी वस्तू ओळखू येईल?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याचं उत्तर फोटोवरून मिळत नाही, कारण फोटोत सगळंच सारखं महत्त्वाचं दिसतं. डोंगराच्या विटेत मी एकेक गोष्ट हाताने झाकून बघितली. पाणी झाकलं, चाललं. ढग झाकले, चाललं. डोंगराच्या बाहेरच्या रेषेला समांतर आत अजून एक रेघ जाते, काठासारखी, ती झाकल्याची कल्पना केली आणि डोंगर नुसते बटाटे झाले. म्हणजे जीव त्या दुहेरी रेघेत आहे, ती ठेवायचीच.

घरी आल्यावर नीट काम करायला मोठा फोटो लागतो, तो कोरियाच्या राष्ट्रीय म्युझियमच्या ई-म्युझियम साइटवर मिळतो. तिथे प्रत्येक फोटोखाली गोंगगोंग नुरी नावाचं सरकारी लायसन्स असतं, मुख्य चार टाइप. १ म्हणजे स्रोत लिहा आणि काहीही करा, २ म्हणजे विकायला वापरू नका, ३ म्हणजे बदल करू नका, ४ म्हणजे विकूही नका आणि बदलूही नका. भरतकामाचं डिझाइन म्हणजे बदल आलाच, त्यामुळे ३ आणि ४ सरळ सोडा, विकणार असाल तर २ पण सोडा. टाइप १ वाले भरपूर आहेत.

तीन कागद

आता बसायचं. तीन ट्रेसिंग पेपर घ्या, बटर पेपर पण चालेल.

पहिल्या कागदावर फोटोवरून जसंच्या तसं गिरवा, तडे, झिज सगळ्यासकट. हा कागद फायनल कामात वापरायचा नाही, हात बसवायला आहे.

दुसऱ्या कागदावर पहिला खाली ठेवून फक्त सांगाडा काढा. तुटलेला भाग पूर्ण करा, पण नीट बघून, विटा बऱ्याचशा डाव्या-उजव्या सारख्या असतात त्यामुळे एका बाजूचा तडा दुसऱ्या बाजूवरून भरता येतो. अगदी आरशासारखं मात्र करू नका. सॉफ्टवेअरमध्ये अर्ध काढून फ्लिप मारायचा मोह होतो आणि मग नक्षी प्लॅस्टिकच्या डब्यावर छापल्यासारखी दिसते. हाताने केलेल्या विटेत डावा डोंगर उजव्यापेक्षा थोडा बसका असतो, तो तसाच बसका राहू द्या.

तिसरा कागद सगळ्यात अवघड, आणि इथे बहुतेक लोक कंटाळतात. दुसऱ्या कागदाची झेरॉक्स खऱ्या मापावर काढा. २९ सेंटीमीटरची वीट बंदावर ६ सेंटीमीटरची होणार, म्हणजे जवळजवळ पाचपट लहान. आता पेन्सिल ठेवा आणि दोरा हातात घ्या. ज्या दोन रेघांमध्ये दोन दोरे शेजारी बसत नाहीत तिथली एक रेघ खोडा. ज्या गोलात गाठी टाका मावत नाही तो गोल खोडा. हे न करता थेट भरायला बसलात तर सुई स्वतःच खोडते, आणि तिला अक्कल नसते. माझ्या कमळाच्या बिया कौलावर व्यवस्थित मोजता येण्याइतक्या होत्या, कागदावर मी सगळ्या काढल्या, कापडावर त्यांचा एक मोठा पिवळा फोड झाला.

रिपीट करायची असेल तर विटांकडेच बघा. ढगाच्या आणि कमळाच्या विटेला मण्यांच्या माळेची गोल चौकट आहे आणि चारही कोपऱ्यांत फुलाचा पाव-पाव तुकडा. चार विटा शेजारी ठेवल्या की मधोमध एक अख्खं फूल तयार होतं. बॉर्डर करायची तर हीच युक्ती घ्या, गोल-फूल-गोल-फूल, जोड शोधायची गरजच नाही.

कपड्यावर कुठे बसवायचं

जोगोरीचे भाग आधी ओळखून घ्या: गित म्हणजे कॉलरची पट्टी, त्याच्यावर दोंगजॉंग ही पांढरी कडक पट्टी, गोरुम म्हणजे बंद, क्कुत्तोंग म्हणजे बाहीच्या टोकाचा वेगळ्या रंगाचा पट्टा. दोंगजॉंगवर कधीही भरायचं नाही, ती मळली की उसवून बदलतात. गितवर भरू शकता पण मानेच्या बाजूला नको, टोचतं. बाहीच्या खालच्या गोलाईला पण नको, हात टेबलावर ठेवला की तिथेच घासतं.

राहिले बंद, क्कुत्तोंग आणि छिमाचा खालचा काठ. काठाला जुना आधार आहे, जोसॉनच्या दरबारी छिमांना खाली सोन्याच्या नक्षीचे आडवे पट्टे असायचे, एक पट्टा असेल तर सुरान-छिमा, दोन असतील तर देरान-छिमा. पण घेर तीन मीटरच्या वर जातो आणि तो सगळा हाताने भरायला घेतलात तर पुढच्या दिवाळीपर्यंत बसाल. मी समोरून थोडं डावीकडे चाळीसेक सेंटीमीटरवर डोंगरांची रांग घेतली आणि बाकी काठ कोरा सोडला. चालताना छिमा हलते तेव्हा डोंगर मधेच दिसतो मधेच घडीत जातो, सगळीकडे असता तर ही मजा आली नसती.

आता ती कागदाची पट्टी, फक्त कापडाची. बंदाच्या मापाच्या दोन पट्ट्या जुन्या चादरीतून कापा, प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंवर पेनने दर पाच सेंटीमीटरला आकडे टाका, एका बाजूला निळे आणि दुसऱ्या बाजूला लाल. जोगोरीला टाचणीने लावा, नेहमीसारखी गाठ बांधा, आरशात फोटो काढा. फोटोत जे आकडे आणि जो रंग दिसतो तिथेच नक्षी. जी व्यक्ती घालणार तिनेच बांधायचं, प्रत्येकीचा हात वेगळा, माझ्या गाठीत आणि बाईंच्या गाठीत सात सेंटीमीटरचा फरक पडतो. दहा मिनिटांचं काम आहे आणि मी ते न केल्यामुळे तीन आठवडे गेले, सांगितलंच वर.

आणि शिवलेल्या कपड्यावर भरायचं नाही. कापडावर आधी भागांची आउटलाइन कच्च्या धावदोऱ्याने मारा, कापू नका, अख्खं कापड फ्रेमवर लावा, भरा, मग कापा, मग शिवायला द्या. शिंपी कोरियन असो की आपला, शिलाईची जागा किती सोडायची हे त्यालाच आधी विचारा.

रंग

कोरियन म्हटलं की पाच रंग, निळा लाल पिवळा पांढरा काळा, हे खरं आहे, पण ते पाचही एकदम वापरायलाच पाहिजेत असं कोणी सांगितलं नाही. मी रंग वस्तूवरून घेते. वीट राखाडी आहे, पण एक राखाडी नाही, खोलगट भागात निळसर, उठावावर पिवळट. डोंगरांना मी तीन राखाडी घेतल्या आणि झाडांना फक्त एक जुनाट हिरवा. कापड फिक्या गारेच्या रंगाचं. दुकानातल्या बाईंनी तोंड वाकडं केलं, एवढं उदास कोण घालणार म्हणाल्या, मग मी जोगोरी गर्द डाळिंबी घेतली आणि छिमा गारेची ठेवली, तेव्हा कुठे दोघींचं समाधान झालं. ठरवताना एक नियम पाळते, कपड्याचा रंग घालणाऱ्याचा, नक्षीचा रंग वस्तूचा.

दोरे दुकानाच्या ट्यूबलाइटखाली निवडू नका. लडी घेऊन दाराशी जा.

कापड आणि दोरा

साधं विणलेलं रेशीम, म्योंगजू, सुरुवातीला सगळ्यात बरं. नोबांग हे पारदर्शक कडक रेशीम दिसायला सुंदर पण मागचा प्रत्येक दोरा पुढून दिसतो. मोसी म्हणजे रॅमीचं कापड, आणि त्यातलं हानसानचं मोसी तर जुन्या बेक्जेच्याच प्रदेशातलं, त्याचं विणकाम २०११ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे विषयाशी जुळतं म्हणून मी हौसेने घेतलं. मोसीत उसवलं की भोक राहतं. कायमचं. आत्मविश्वास आल्यावरच हात लावा.

दोरा दोन प्रकारचा, न पिळलेला फुन्सा आणि पिळलेला क्कोन्सा. न पिळलेला आरशासारखा चमकतो पण अंगठीत, नखात, पर्सच्या चेनमध्ये अडकतो, फ्रेम करून भिंतीवर लावायच्या कामाला ठीक. कपड्याला पिळलेलाच. पिळामुळे चमक थोडी तुटते, दाणेदार दिसते, आणि कोरियन कामाची ओळख पण तीच आहे. भारतात बसून करताय तर साधा सहापदरी कॉटन दोरा घ्या आणि त्याचा एकच पदर वापरा, दोन नाही. सोन्यासाठी कसब, म्हणजे जरीचा दोरा, चालतो, तुळशीबागेत किंवा भुलेश्वरला मिळून जातो, फार पिवळाधमक घेऊ नका.

टाके, आणि कुठे कुठला

नावं कोरियन असली तरी निम्मे टाके तुम्हाला येतात. इउमसू म्हणजे आपला दांडी टाका. फ्योंगसू म्हणजे भरीव टाका, सपाट, दोरे शेजारी शेजारी. जारयोनसू म्हणजे लांब-आखूड टाके मिसळून रंग एकमेकांत उतरवणं. मेदुपसू म्हणजे गाठी टाका. गारुमसू पानांना, मधल्या शिरेपासून दोन्ही बाजूंना तिरके. जिंगगुमसू म्हणजे जाड किंवा सोन्याचा दोरा वर ठेवून बारीक दोऱ्याने बांधणं. सोलिपसू म्हणजे पाइनच्या सुयांसारखे एका बिंदूतून फाकलेले टाके.

डोंगराची दुहेरी रेघ मी इउमसूने केली, बाहेरची गडद आणि जराशी जाड, आतली फिकी, आणि डोंगराचं पोट पूर्ण रिकामं ठेवलं. क्लासमधल्या एक आजी, हाल्मोनीच म्हणते मी त्यांना, रोज येऊन विचारायच्या, हे भरायचं राहिलंय का? नाही हाल्मोनी, एवढंच आहे. शिखरांवरच्या झाडांना सोलिपसू, प्रत्येकाला पाच टाके, सहावा टाकला की झाडू होतो.

कमळाच्या पाकळीची गोष्ट वेगळी, तिथे भरावं लागतं. आणि ती जवळून सांगते कारण तिथे सगळे अडतात. कौलावरची पाकळी मध्ये फुगलेली आणि टोकाला उचललेली आहे. हा फुगवटा रंगाने दाखवायला जाऊ नका, आधी खाली भरण घाला, त्याला सोकसू म्हणतात, म्हणजे पाकळीच्या आत लांबीच्या दिशेने त्याच रंगाच्या कॉटनच्या दोऱ्याचे सैल टाके, मध्ये दोन थर आणि कडेला एक. मग वरून रेशमाने आडवा फ्योंगसू. पाकळीच्या मधोमध सुरुवात करा, टोकाकडे जा, परत मध्यावर येऊन देठाकडे जा, एका टोकाकडून सुरू केलंत तर टाके हळूहळू तिरके होत जातात आणि शेवटी पाकळी लंगडी दिसते. टाका सात-आठ मिलिमीटरहून लांब नको, कपडा आहे, अडकणारच. पाकळी रुंद असेल तर मध्ये शीर देऊन दोन भाग करा. आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये एका दोऱ्याएवढी जागा कोरी सोडा. आउटलाइन मारू नका तिथे. ती कोरी फट म्हणजेच कौलावरची सावली. टोकाशी शेवटचे तीन टाके अगदी जरा वरच्या दिशेला वळवा, उचललेलं टोक आपोआप येतं. पहिल्या पाकळीला मला दोन तास लागले, आठवीला पस्तीस मिनिटं, आणि मग पहिली उसवून परत करावी लागली कारण ती बाकीच्या सातांच्या शेजारी शोभेना.

इथे आपल्या लोकांना एक आठवेल. पैठणीतही अजिंठ्याचं कमळ असतंच, आणि अजिंठ्याच्या नंतरच्या लेण्यांचं काम आणि बेक्जेची गोंगजूतली राजधानी दोन्ही पाचव्या शतकातल्या गोष्टी. बेक्जेत बौद्ध धर्म ३८४ साली मारानंता नावाच्या भिक्खूने आणला, परंपरेने तो भारतातला मानतात, आणि कौलावरचं कमळ त्याच धर्माबरोबर आलेलं. त्यामुळे मला सुरुवातीला दोन्ही कमळं एकत्र करायची फार खाज होती. केलं पण. जमलं नाही, पैठणीचं कमळ मिना-जरीत भरगच्च, त्याला कडेने सगळीकडून सोबत लागते, बेक्जेचं कमळ एकटं बसणारं. शेजारी ठेवलं की एक ओरडतं आणि दुसरं गप्प होतं.

सोनं

मुर्योंग राजाची कबर १९७१ च्या जुलैमध्ये गोंगजूत सापडली, शेजारच्या कबरींसाठी पाण्याचा निचरा करताना. दीड हजार वर्षं कोणी हात न लावलेली, आणि आतलं सामान गर्दी आणि गडबडीत एका रात्रीत बाहेर काढलं, त्याची हळहळ कोरियातले पुरातत्त्ववाले अजून करतात. त्यात राजा-राणीचे सोन्याच्या पातळ पत्र्यातून कापलेले शिरोभूषण होते, राजाचं ३०.७ सेंटीमीटर उंच, ज्वाळेसारख्या वेलींचं, त्यावर सोन्याच्या तारेने अडकवलेल्या १२७ चकत्या. राणीचं २२.६ सेंटीमीटर, चकत्या नाहीत, मध्ये कमळाच्या आसनावर फुलदाणी, डावी-उजवी बाजू सारखी.

नवीन माणूस राजाचं उचलतो, चमचमतं म्हणून. तुम्ही राणीचं घ्या. पत्रा कापून केलेली नक्षी म्हणजे एकही रेघ सुटी नाही, सगळं एकमेकांना चिकटलेलं, आणि जिंगगुमसूला हेच हवं असतं, कारण सोन्याचा दोरा जितक्या कमी वेळा तोडाल तितकं काम स्वच्छ. बोटाने गिरवून बघा, कुठून सुरू केलं तर न उचलता सगळ्यात लांब जाता येतं, त्या वाटेवर बाण काढा. दोन दोरे शेजारी ठेवून बारीक दोऱ्याने तीन-चार मिलिमीटरवर बांधत जा, वळणावर जवळ जवळ. बांधायचा दोरा लाल घेतला तर सोनं गरम दिसतं, पिवळा घेतला तर थंड. टोकं वर कापायची नाहीत, जाड सुईने मागे ओढून घ्यायची. सोनं सगळ्यात शेवटी, बाकीचं भरून झाल्यावर, नाहीतर रेशीम भरताना हात लागून लागून ते काळवंडतं.

फ्रेम, उतरवणं, इस्त्री

गोल रिंग रेशमावर वळ उठवते, शक्यतो चौकोनी फ्रेम वापरा, इथे तिला सुथुल म्हणतात. रेशमाच्या चारही कडांना आधी कॉटनच्या पट्ट्या शिवा आणि त्या पट्ट्या फ्रेमला ओढून बांधा. एक हात वर, एक हात खाली, सवय व्हायला आठवडा जातो.

डिझाइन उतरवायला निळं पाण्याने जाणारं पेन मी एकदा वापरलं, पाण्याने निळं गेलं आणि रेशमावर पाण्याचाच डाग राहिला. आता पातळ टिश्यू पेपरवर डिझाइन काढते, कापडावर टाचते, बारीक धावदोऱ्याने गिरवते आणि कागद फाडून टाकते. गडद कापडावर कागदाला सुईने भोकं पाडून पांढरी खडूची पूड कापसाने घासायची, तेही चालतं. रात्री काम थांबवलं की फ्रेमवर पांढरं सुती कापड टाका आणि घरात चहा पिणाऱ्या माणसांना दुसऱ्या खोलीत पाठवा.

भरून झालं की लगेच फ्रेमवरून काढू नका, एक दिवस तसंच ताणलेलं राहू द्या. मागची टोकं एक सेंटीमीटरवर कापा, गडद दोऱ्याची अजून आखूड, नाहीतर फिक्या कापडातून दिसतात. जाड टॉवेलवर नक्षी पालथी ठेवा, वर सुती कापड, आणि कोमट इस्त्री नुसती टेकवायची आणि उचलायची, घासायची नाही. वाफ नको. मग शिंपी. अस्तर लावायला सांगाच, मागचे दोरे मोकळे राहिले तर दुसऱ्या वेळेला घालतानाच बांगडीत अडकतील.

कपडा घडी घालताना नक्षीवर घडी येऊ देऊ नका, मध्ये पांढरा बिनछापील कागद घाला, वर्षातून एकदा घडीची जागा बदला. आणि तिसरा ट्रेसिंग पेपर फेकू नका. त्याच्या मागे वस्तूचं नाव, म्युझियम, फोटोचं लायसन्स आणि प्रत्येक दोऱ्याचा नंबर लिहून कपड्याबरोबरच ठेवा. माझ्या छिमावरच्या एका डोंगराची फिकी रेघ दोन वर्षांनी लेकीच्या सॅंडलच्या बकलाने तोडली, आणि तीन राखाडींमधली नेमकी कुठली ते मला काही केल्या आठवेना, सगळ्या लडी खिडकीशी नेऊन बघितल्या. शेवटी त्या कागदाच्या कोपऱ्यात सापडलं, माझ्याच अक्षरात.